साडेतीन थाऊ

सकाळी सव्वासहाला, अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये
एस्टीम चालू झाली आणि बोललीच:
टक्. टक्‌टक्. टक्.
रिकाम्या डब्यात कुणी सुपारी हलवावी तसं.

रात्री एकपर्यंत जागून बसवले होते चार पिस्टन,
ओतीव नव्हे, घडीव.
माथा उंच, कॉम्प्रेशन साडेअकरा,
रेवणसिद्धच्या तीन पगारांचे.
तो दारात, हेल्मेट काखेत,
तोंडातला मावा थुंकायचं विसरलेला.
"वाजायलंय की वो."
मला काय ऐकू येत नव्हतं?

टॅपेट म्हणावं, तर ते वरून बोलतं, बारीक, शिवणयंत्रासारखं.
बेअरिंग खालून दार ठोठावतं,
हप्त्याच्या माणसासारखं, थांबून, पण नक्की.
हे मधलं होतं. बोअरच्या पोटातलं.

प्लगची एकेक वायर उपटत गेलो.
पहिली: इंजिन लंगडलं, आवाज तसाच.
दुसरी: तसाच.
तिसरी: दबला.
पण वायर काढल्यावर बेअरिंगही असंच दबतं.
इथवर येऊन माझी सगळी विद्या
सात रस्त्यावर उभ्या परगावच्या माणसासारखी.
मी सोळा नंबरचा पाना शोधायला लागलो.
खोलू या, म्हटलं. परत सगळं खोलू या.

तेवढ्यात नान्ना आला, चहाची किटली घेऊन.
एकतीस वर्षं मिलमध्ये जॉबर.
मिल मोडीत गेली, भोंगा भंगारात गेला,
मागांना दिलेले कान कुणी परत केले नाहीत.
घरी आम्ही त्याच्याशी हातांनी बोलतो.
शिवी तेवढी ओठांवरून बरोब्बर वाचतो.

त्यानं लांब स्क्रू-ड्रायव्हर उचलला,
मूठ दातांत धरली,
टोक ब्लॉकला टेकवलं, तीन नंबरपाशी,
आणि डोळे मिटले.
धोटा कुठं अडतोय ते
तो असंच ऐकायचा, मागाच्या चौकटीला दात लावून;
मी डबा घेऊन जायचो तेव्हा पाहिलेलं.

मी चावीकडे हात नेला. त्यानं बोट वर केलं: थांब.
काटा चढत गेला. निम्म्यावर आला.
पंखा लागला.
शेजारच्या टॉवेलाच्या कारखान्यात माग सुरू झाले,
त्यांच्या आणि आमच्या मध्ये
टक् विरळ झालं,
मग मला वाटलं झालं,
मग नव्हतंच.

मुठीवर दोन दात उमटलेले.
"जागा किती सोडलास?"
साडेतीन बोटं दाखवली मी, चौथं अर्धं मुडपून.
"मग गार असताना वाजणारच की!
तापलं की अंग भरतंय. नवा धोटासुद्धा
पेटीत सैल ठेवतेत, घट्ट ठेवला तर दुपारी अडकून बसतोय."
बहिऱ्याचा आवाज, आख्ख्या एमआयडीसीला ऐकू जाणारा.

ती जागा मीच सोडली होती.
पत्ती स्वतः सरकवून, दोनदा मापून.
आणि पहाटे माझ्याच हातावर माझा विश्वास नव्हता.

रेवणसिद्ध होटगी रोडला गेला शीळ घालत,
वीस मिनिटांत परत. शीळ नाही.
"तिसऱ्या गिअरला दाबली की, आता दुसरंच.
पत्र्यावर हरभरे टाकल्यासारखं."
गरम इंजिनाचा आवाज. हा निवणारा नव्हता.
प्लग काढले, उन्हाकडे धरले.
पांढऱ्या चिनीमातीवर मिऱ्याची भुकटी,
आणि तिच्यात चमकणारा एकच कण,
पिस्टनच्या माथ्याचा.
रेवणसिद्धच्या पगारातला म्हणा.

मी त्याला काही बोललो नाही.
डिस्ट्रिब्युटर केसभर मागे फिरवला,
टाकीतलं साधं पेट्रोल कॅनमध्ये उपसायला लावलं,
महागडं आणायला पाठवला.

नान्ना कप विसळत होता.
"गेला का आवाज?"

मी एक बोट मुडपलं,
दुसरं तसंच ठेवलं.